पराभवानंतरचे बाबासाहेब

आपल्या शाळेच्या प्रत्येक स्मरणिकेत बाबासाहेबांच्या जीवनावर एक तरी लेख असतो, आणि तो असायलाच हवा. मात्र या लेखांची आता एक ठरावीक वाट पडून गेली आहे. महूचा जन्म, साताऱ्याची शाळा, कोलंबिया आणि लंडन, चवदार तळे, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, संविधान आणि अखेरीस दीक्षाभूमी. एकेक पायरी चढत जावी तसे हे जीवन आपण मुलांसमोर मांडतो. त्यात खोटे काहीच नाही. परंतु मधल्या काही पायऱ्या आपण गाळतो.

काही वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गात इतिहास शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले की, बाबासाहेब निवडणुकीत हरले होते हे खरे आहे काय. गावात कुणीतरी त्याला तसे सांगितले होते आणि ते त्याला खरे वाटत नव्हते. वर्ग एकदम शांत झाला. जणू त्याने काही अमंगल विचारले होते. मी सांगितले की, होय, खरे आहे. लोकसभेच्या निवडणुकीत ते स्वतः दोनदा हरले आणि त्याआधी एकदा त्यांचा पक्ष जवळजवळ नामशेष झाला. त्यावर त्या मुलाने दुसरा प्रश्न केला. मग ते एवढे मोठे कसे राहिले? तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. हा लेख म्हणजे त्या अर्धवट राहिलेल्या तासाचा उरलेला भाग आहे.

हा प्रश्न केवळ त्या मुलाचा नाही. प्रत्येक निवडणुकीचा निकाल लागला की आपले माजी विद्यार्थी भेटतात, पालक भेटतात, आणि चळवळ संपली, आता काही उरले नाही, असा सूर लावतात. अशा वेळी बाबासाहेबांच्या आयुष्यातील विजयांपेक्षा त्यांचे पराभव आपल्याला अधिक शिकवू शकतील, असे मला वाटते.

पराभवापूर्वीची उंची

पराभव किती मोठा होता हे कळण्यासाठी आधीची उंची पाहावी लागते. ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली. पक्ष नवा, पैसा नाही, वृत्तपत्रे विरोधात. तरीही १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबई इलाख्यात या पक्षाने काँग्रेसलाही दखल घ्यावी लागेल असे यश मिळविले. स्वतः बाबासाहेब भायखळा-परळच्या गिरणगावातून निवडून आले. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने त्या काळचे नामांकित क्रिकेटपटू पी. बाळू यांना उभे केले होते. विधिमंडळात बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत काढला, आणि कामगारांचा संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध नोव्हेंबर १९३८ मध्ये कम्युनिस्टांच्या बरोबरीने एक दिवसाचा संप घडवून आणला.

जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली आणि त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. साताऱ्याच्या शाळेत ज्या मुलाला पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नव्हता, तो मुलगा आता अवघ्या देशाच्या कामगारविषयक धोरणाचा कारभार पाहत होता. आपल्या समाजातील कित्येकांना तेव्हा वाटले की, स्वराज्य जवळ येत आहे आणि त्यात आपला वाटा आता कुणी नाकारू शकणार नाही.

१९४६ : आकड्यांचा न्याय

दुसरे महायुद्ध संपले आणि १९४५-४६ च्या हिवाळ्यात निवडणुका झाल्या. या निवडणुकांची रीत समजल्याशिवाय त्यांचा निकाल समजत नाही. पुणे करारानुसार राखीव जागांसाठी दोन टप्प्यांत मतदान होई. एखाद्या जागेसाठी चारांहून अधिक उमेदवार असले, तर आधी केवळ अस्पृश्य मतदारांची प्राथमिक निवडणूक होई आणि तीतून चार जण निवडले जात. त्यानंतर त्या चारांपैकी एकाची निवड सर्व मतदार मिळून करीत, आणि त्या सर्वांत सवर्ण मतदारांची संख्या कितीतरी अधिक असे. म्हणजे अस्पृश्य मतदारांनी पहिली पसंती ज्याला दिली, तो अंतिम मतदानात पडू शकत होता, आणि ज्याला त्यांनी शेवटी ठेवले, तो त्यांचाच प्रतिनिधी म्हणून विधिमंडळात बसू शकत होता. शिवाय मताधिकार सर्वांना नव्हता. मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांपैकी काहीतरी असेल त्यालाच मत. भूमिहीन मजूर, गावकामगार, गिरणीतला बदली कामगार, म्हणजे फेडरेशनचा जो खरा पाठीराखा, त्याच्यापैकी फार मोठा वर्ग मतदार यादीबाहेरच होता.

निकाल लागला. सर्व प्रांतांत मिळून अनुसूचित जातींसाठी १५१ राखीव जागा होत्या. त्यांपैकी फेडरेशनच्या वाट्याला दोन आल्या, एक बंगालमध्ये आणि एक मध्य प्रांत-वऱ्हाडात. फेडरेशनने सर्व जागा लढविल्या नव्हत्या हे खरे. प्राथमिक निवडणुकीत तिच्या उमेदवारांनी अनेक ठिकाणी चांगली मते घेतली होती, हेही खरे. परंतु राजकारणात तळटीपा कुणी वाचत नाही. ज्या मुंबई इलाख्यात महाड आणि नाशिकचे लढे झाले, तेथे एकही जागा आली नाही.

या निकालाची किंमत लगेच मोजावी लागली. मार्च १९४६ मध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळाचे शिष्टमंडळ, म्हणजे कॅबिनेट मिशन, भारतात आले. बाबासाहेब ५ एप्रिल रोजी त्यांना भेटले. प्राथमिक निवडणुकीत आमच्या माणसांचा कौल कुणाला आहे ते पाहा, अंतिम आकड्यांवरून आमचे मोजमाप करू नका, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. मिशनने तो मानला नाही. १६ मे रोजी जी योजना जाहीर झाली, तिच्यात अनुसूचित जातींना घटना समितीवर स्वतंत्र प्रतिनिधित्व नव्हते. पुढे सप्टेंबरमध्ये हंगामी सरकार बनले तेव्हा बाबासाहेबांनी चार वर्षे सांभाळलेले मजूर खाते काँग्रेसच्या जगजीवनराम यांच्याकडे गेले.

त्या वेळच्या एखाद्या निरीक्षकाला कुणी बाबासाहेबांच्या भवितव्याविषयी विचारले असते, तर त्याने काय उत्तर दिले असते? पक्ष नाही, जागा नाहीत, मंत्रिपद नाही, ब्रिटिश हात झटकून निघालेले आणि काँग्रेसशी उघड वैर. वय ५५, मधुमेहाने पोखरत चाललेले शरीर. त्याने बाबासाहेबांचे राजकीय जीवन संपले असाच निर्वाळा दिला असता, आणि त्याच्यापुढील आकड्यांवरून ते चूक ठरले नसते.

त्याच उन्हाळ्यातले काम

आता त्याच काही महिन्यांकडे दुसऱ्या बाजूने पाहू. त्या वर्षी मंत्रिपद जाण्यापूर्वी कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामगारांचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. हे विधेयक मजूर खात्याचे, म्हणजे बाबासाहेबांचे होते.

२० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. कॅबिनेट मिशनची योजना जाहीर होऊन तेव्हा महिना-सव्वा महिनाच झाला होता. ज्या संस्थेने ते सुरू केले, ती पीपल्स एज्युकेशन सोसायटी आदल्या वर्षी, ८ जुलै १९४५ रोजी स्थापन झालेली होती. नोकरी करून शिकणाऱ्या मुलांना जमावे म्हणून वर्ग सकाळी भरत. एखादा मुलगा पहाटे चाळीतून निघे, वर्गात बसे आणि तेथून थेट कामावर जाई.

त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांचा शूद्रांच्या मूळ इतिहासाचा शोध घेणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी घटना समितीसाठी तयार केलेले राज्य आणि अल्पसंख्याक हे निवेदन आले. शेती, विमा आणि मूलभूत उद्योग यांवर राज्याची मालकी असावी, अशी मूलगामी मांडणी त्यात होती.

याचा अर्थ ते राजकारण सोडून ग्रंथालयात जाऊन बसले असा मुळीच नव्हे. जुलै १९४६ मध्ये फेडरेशनने पुण्यात विधिमंडळाच्या अधिवेशनासमोर सत्याग्रह केला आणि शेकडो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. ऑक्टोबरमध्ये बाबासाहेब लंडनला जाऊन तेथील राजकारण्यांना भेटले. तेथून हाती काही लागले नाही. परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट मला नोंदवावीशी वाटते. निवडणुकीच्या आकड्यांवर अवलंबून असलेले काम आणि त्यांवर अवलंबून नसलेले काम, ही दोन्ही ते नेहमी एकाच वेळी करीत होते. पहिले थांबले तेव्हा दुसरे चालूच होते. त्यांना पराभवानंतर नव्याने काही शोधावे लागले नाही.

बंगालने उघडलेले दार

घटना समितीचे सदस्य प्रांतिक विधिमंडळांतून निवडले जाणार होते. मुंबईच्या विधिमंडळात फेडरेशनचा एकही आमदार नव्हता, म्हणजे मुंबईतून निवडून येण्याचा मार्गच बंद होता. अशा वेळी बंगाल पुढे आला. तेथील नामशूद्र समाजाचे नेते जोगेंद्रनाथ मंडल हे फेडरेशनच्या त्या दोन विजयी उमेदवारांपैकी एक. बंगालच्या विधिमंडळात अनुसूचित जातींच्या ३० जागा होत्या. मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतील काही सदस्यांची मते एकत्र आणली आणि जुलै १९४६ मध्ये बाबासाहेब बंगालमधून घटना समितीवर निवडून गेले. महाराष्ट्रातील आपल्या घरांत जोगेंद्रनाथांची तसबीर दिसत नाही. ती असायला हवी होती, असे मला नेहमी वाटते.

१७ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीत अनपेक्षितपणे बाबासाहेबांचे नाव पुकारले गेले. त्यांच्याकडून सर्वांनी कडवट भाषणाची अपेक्षा केली होती. ज्या काँग्रेसने त्यांना निवडणुकीत नामोहरम केले, तिच्याच सभासदांनी सभागृह भरलेले होते. परंतु ते बोलले देशाच्या एकतेविषयी. आज आपण कितीही विभागलेले असलो तरी काळाच्या ओघात हा देश एक होण्यावाचून राहणार नाही, असा विश्वास त्यांनी व्यक्त केला, आणि सत्ता हाती असणाऱ्यांनी तिच्याबरोबर शहाणपणही दाखवावे, अशी विनंती केली. मुस्लिम लीगच्या सभासदांसाठी थांबावे, घाई करू नये, हा त्यांचा सल्ला होता. त्या दिवशी सभागृहात त्यांच्या पाठीशी संख्याबळ नव्हते. तरीही सर्वांनी त्यांचे म्हणणे कान देऊन ऐकले.

पुढचे सारे आपण जाणतो. फाळणीमुळे बंगालमधील त्यांची जागा गेली. मुंबईतून बॅ. मुकुंदराव जयकरांच्या राजीनाम्यामुळे एक जागा रिकामी होती. घटना समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना पत्र लिहून बाबासाहेबांना तेथून निवडून आणण्यास सांगितले. ज्यांनी वर्षभरापूर्वी दार लावून घेतले होते, त्यांनीच ते उघडले. हे उपकार नव्हते. वर्षभर घटना समितीत त्यांनी जे काम केले, ते पाहून ही निकड वाटली होती. १५ ऑगस्ट १९४७ रोजी ते कायदामंत्री झाले, २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकृत झाले.

त्या संविधानात प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मताचा अधिकार मिळाला. ही मागणी बाबासाहेब सायमन कमिशनच्या काळापासून करीत आले होते. १९४६ मध्ये ज्या भूमिहीनाचे नाव मतदार यादीत नव्हते, त्याचे नाव आता यादीत आले.

१९५२ आणि १९५४

आणि त्याच मताधिकारावर झालेल्या पहिल्या निवडणुकीत बाबासाहेब हरले.

हिंदू कोड बिलाचे काय झाले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा का दिला, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, जानेवारी १९५२ मध्ये, ते उत्तर मुंबई मतदारसंघातून लोकसभेसाठी उभे राहिले. मतदारसंघ दोन सदस्यांचा होता, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते, परंतु ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. फेडरेशनची समाजवादी पक्षाशी युती होती आणि सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता उभे होते. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ मते मिळाली आणि बाबासाहेबांना १,२३,५७६. फरक १४,५६१ मतांचा. अशोक मेहताही पराभूत झाले. दोघांनी निवडणुकीविरुद्ध अर्ज केला. तो फेटाळला गेला. लोकसभेत फेडरेशनचे दोन सदस्य पोहोचले आणि मुंबईच्या विधानसभेत एक.

संविधानाचा मसुदा करणारा माणूस त्या संविधानाखालच्या पहिल्या लोकसभेत बसू शकला नाही. या पराभवाचे त्यांना दुःख झाले नाही असे म्हणणे खोटे होईल. ते झाले. त्यांची प्रकृती ढासळली होती, पायांना वेदना होत, डोळे साथ देत नव्हते. तरी त्याच वसंतात ते मुंबई राज्यातून राज्यसभेवर निवडून गेले. विधानसभेत स्वतःच्या पक्षाचा अवघा एक आमदार असताना हे घडले, म्हणजे इतर पक्षांतील काहींनी त्यांना मते दिली. जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. ज्या विद्यापीठाने १९१३ मध्ये या विद्यार्थ्याला आत घेतले, त्यानेच निवडणूक हरलेल्या त्या विद्यार्थ्याला सन्मानाने पुन्हा बोलाविले.

मे १९५४ मध्ये भंडाऱ्याची लोकसभेची पोटनिवडणूक आली. हाही मतदारसंघ दोन सदस्यांचाच. सर्वसाधारण जागेवर पुन्हा अशोक मेहता. या निवडणुकीत राबलेल्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत एक प्रसंग सांगितला जातो. आपल्या मतदारांनी एकच मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे वाया घालवावे, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांची मते वाढणार नाहीत, अशी काहींनी युक्ती सुचविली. बाबासाहेबांनी ती साफ नाकारली. लोकांना मताचा अधिकार मिळवून देणाऱ्यानेच ते मत वाया घालविण्यास सांगावे, हे त्यांना मान्य झाले नाही. निकाल लागला तेव्हा अशोक मेहता विजयी झाले होते आणि बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पराभूत झाले होते. आपल्या लोकांनी मित्रपक्षाला मत दिले. मित्रपक्षाच्या मतदारांनी तेवढ्याच निष्ठेने परतफेड केली नाही, असे तेव्हाच्या कार्यकर्त्यांना वाटले आणि ते शल्य विदर्भातील जुन्या घरांत आजही आढळते.

कारणे दुसऱ्यांत आणि आपल्यांत

इतिहास शिकविणाऱ्याने येथे थोडे कठोर व्हावे लागते. या पराभवांची कारणे केवळ विरोधकांच्या कपटात शोधली तर आपण त्यांतून काहीच शिकणार नाही. निवडणूक पद्धती प्रतिकूल होती, काँग्रेसकडे पैसा आणि स्वातंत्र्यलढ्याची पुण्याई होती, हे सर्व खरे. पण फेडरेशनची बांधणीही दुबळी होती. तिचा मुख्य आधार महाराष्ट्रातील एका जातीत होता. चर्मकार, मातंग आणि इतर समाजांत ती पुरेशी रुजली नव्हती. राखीव जागेचा उमेदवार जेव्हा सर्वांच्या मतांनी निवडायचा असतो, तेव्हा केवळ स्वसमाजाच्या मतांवर तो निवडून येत नाही. नेता दिल्लीत, कार्यकर्ते गावात आणि दोहोंच्या मध्ये तालुक्याची कचेरी नाही, अशी स्थिती होती.

हे सर्व बाबासाहेबांनी स्वतः ओळखले होते आणि त्यावर कृती केली होती. ऑगस्ट १९५५ मध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीने विधिमंडळांतील राखीव जागा रद्द कराव्यात असा ठराव केला. ज्या जागांसाठी पुणे कराराचा तो सारा संघर्ष झाला, त्याच जागा आता परावलंबी प्रतिनिधी निर्माण करीत आहेत, हे अनुभवाने त्यांना दिसले होते, आणि जुन्या मागणीला चिकटून बसण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. केवळ अनुसूचित जातींचा नव्हे, तर सर्व शोषितांचा असा रिपब्लिकन पक्ष काढण्याची योजना त्यांनी आखली. १९५६ साली मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी प्रशिक्षण विद्यालयही सुरू केले. विद्यार्थी मूठभर होते. दोन निवडणुका हरलेला, काठीच्या आधाराने चालणारा पासष्टीचा माणूस पुढच्या पिढीला राजकारण शिकविण्यासाठी शाळा काढतो, या गोष्टीकडे आपण आजवर पुरेसे लक्ष दिलेले नाही.

नागसेनवन ते दीक्षाभूमी

या पराभवांच्या काळातच औरंगाबादचे काम उभे राहिले. निजामाच्या राजवटीतून नुकताच सुटलेला मराठवाडा शिक्षणात फार मागे होता. तेथे जून १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या राजीनाम्यापूर्वी जेमतेम महिनाभर, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. हेच आपले मिलिंद महाविद्यालय आणि तो परिसर म्हणजे नागसेनवन. राजा मिलिंदाने प्रश्न विचारावेत आणि भिक्खू नागसेनाने उत्तरे द्यावीत, या परंपरेतून आलेली ही नावे आहेत. शिक्षणसंस्थेला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव द्यावे, हे बाबासाहेबांनाच सुचू शकते. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून ट्रंका डोक्यावर घेऊन आलेली मुले तेथील वसतिगृहात राहिली आणि शिक्षक, वकील, अधिकारी, कवी होऊन बाहेर पडली. मुंबईत १९५३ मध्ये सिद्धार्थ वाणिज्य महाविद्यालय आणि १९५६ मध्ये विधी महाविद्यालय निघाले.

धम्माकडे जाणारी वाटही याच वर्षांत पूर्ण झाली. भंडाऱ्याच्या पराभवानंतर सात महिन्यांनी, डिसेंबर १९५४ मध्ये, ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि २५ डिसेंबरला देहूरोड येथे त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. मे १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा स्थापन झाली. रात्र-रात्र जागून बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाचे लेखन चालले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना ती स्वतः दिली. दोन दिवसांनी चंद्रपूर. ज्या भंडाऱ्यात त्यांच्या पारड्यात पुरेशी मते पडली नव्हती, त्या जिल्ह्यातूनही माणसे पांढरी वस्त्रे नेसून नागपूरला आली होती. त्या दिवशी मतपेटी नव्हती आणि माणसे स्वतःच्या पायांनी चालत आली होती.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पुढच्या वर्षी सार्वत्रिक निवडणूक झाली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सामील झालेल्या फेडरेशनला तेव्हा १९५२ पेक्षा कितीतरी चांगले यश मिळाले आणि दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर गेले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. विजय पाहण्यास नेता नव्हता. त्या पक्षाचे पुढे काय झाले, ही वेगळी आणि दुःखद कथा आहे. तिचा दोष आपण बाबासाहेबांवर टाकू शकत नाही.

खरा पराभव कोणता

लेख संपविण्यापूर्वी एक प्रसंग सांगितला पाहिजे. मार्च १९५६ मध्ये आग्रा येथील सभेत बाबासाहेब अत्यंत व्यथित होऊन बोलले. निवडणुकांविषयी त्यांची तक्रार नव्हती. काजरोळकरांविषयी नव्हती, बोरकरांविषयी नव्हती, काँग्रेसविषयीही नव्हती. आपल्या समाजातील शिकलेल्या लोकांनी आपल्याला दगा दिला, शिकून ते समाजाच्या उपयोगी पडतील असे वाटले होते, पण ते आपापल्या पोटामागे लागले, अशी ती खंत होती. ती सांगताना त्यांचा कंठ दाटून आला, असे सांगितले जाते.

मतपेटीतील पराभव त्यांनी पचविले, त्यांची कारणे शोधली, मार्ग बदलले आणि पुढचे काम हाती घेतले. हा एक पराभव मात्र त्यांना पचला नाही. कारण निवडणूक पाच वर्षांनी पुन्हा येते. एकदा शिकून पाठ फिरविलेली पिढी पुन्हा येत नाही. आणि हा पराभव आपण केलेला आहे, आपण म्हणजे शिकलेल्यांनी. मी पगारदार शिक्षक आहे. त्या यादीतून मी माझे नाव वगळू शकत नाही.

आपली निवासी शाळा ज्या काळात पत्र्याच्या दोन खोल्यांत भरत होती, तेव्हाही आपल्या समाजाचा कुणी आमदार तिच्यामागे उभा नव्हता. ज्वारीची पोती गावोगावच्या बौद्ध बांधवांनी आणून दिली, भगिनींनी पाळीपाळीने भाकरी थापल्या, आणि सकाळी वंदनेसाठी मुले ओळीत उभी राहिली. यातील कुठलीही गोष्ट निवडणुकीच्या निकालाने थांबली नाही. म्हणून, मतदान करू नये किंवा राजकारण सोडावे, असे मी म्हणत नाही. बाबासाहेबांनी ते कधीच सोडले नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या हाती कोणते काम आहे, एवढेच प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

त्या दहावीच्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन रकाने काढून दाखविले. डावीकडे १९४६, १९५२, १९५४ हे पराभव. उजवीकडे सिद्धार्थ, संविधान, मिलिंद, धम्म. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. डावीकडील रकाना मी पुसला नाही आणि मुलांनाही पुसू दिला नाही. तो पुसला तर उजवीकडचा रकाना कसा घडला, हे त्यांना कधी कळणार नाही.

नमो बुद्धाय. जय भीम.